कुंडी देणाऱ्या बायका

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आमच्या गावच्या नॉर्वेजियन चर्चच्या तळघरात अमॅरिलिसचे, त्या मोठ्या लाल फुलांचे, कंद लावायचे असतात. त्या दिवशी कोणती बाई टेबलाच्या कुठल्या टोकाला बसते, यावरून तिचं गावातलं वजन कळतं. मी सून म्हणून इथे आले तेव्हा मला दाराशी, वाऱ्याच्या तोंडी, रिकाम्या कुंड्या पुसायला बसवलं होतं. तिथून सरकत सरकत मी खोक्यापाशी पोचले. खोक्यातला कंद उचलायचा, दाबून बघायचा आणि "हा लावा, हा परत पाठवा" म्हणायचं, हा मान कित्येक वर्षं माझा आहे. शाळा मी सहावीत सोडली. पण कंद हातात घेतला की त्याला फुलाचा एक दांडा येणार की दोन, ते मला बोटांनी कळतं. यात बढाई नाही. जे आहे ते आहे.

लावलेल्या कुंड्या आम्ही बायका आपापल्या घरी नेतो आणि वाढवतो. नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्या घरबसल्यांना नेऊन द्यायच्या. घरबसले म्हणजे म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे ज्यांचं चर्चला येणं सुटलं ते. द्यायची रीत ठरलेली आहे. कळी फुगलेली हवी, टोकाशी लाली दिसायला हवी, पण उमललेली नको. उमलणं बघायचं सुख ज्याला कुंडी दिली त्याचं. उमललेलं फूल देणं म्हणजे आपण एक घास चावून केक पुढे करणं. आणि जिने वाढवली तिनेच ती आपल्या हाताने द्यायची, मग बसून एक कप कॉफी प्यायची. दारात ठेवून पळायचं नाही. नुसतं दारात ठेवून काय, दूधवालाही जातो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी मागच्या पायरीवरून पडले. हातात घेवड्याच्या शेंगांची बादली होती. कमरेचं हाड मोडलं. हेरियट ओडेगार्ड योगायोगाने अंडी न्यायला आली म्हणून मी सापडले. हॉस्पिटलातून घरी आले ती वॉकर घेऊनच. अॅल्युमिनियमचा चार पायांचा सांगाडा, दोन्ही हातांनी धरायचा, पुढे सरकवायचा, मग आपण सरकायचं. बीटच्या शेतात मुंगी माझ्यापेक्षा लवकर पोचली असती.

तरी ऑक्टोबरातला तो शनिवार मी चुकवला नाही. डार्लाने मला नेलं. डार्ला माझी सून, ऑर्विलची बायको. मूळची टेक्ससची, शाळेची बस चालवते, आणि मनाने इतकी चांगली आहे की कधी कधी डोकं उठतं. मागच्या उतारावरून तळघरात उतरले तर खोक्यापाशी हेरियट. या हेरियटला लेफ्साची, म्हणजे आमची बटाट्याची, पोळी पातळ कशी लाटायची ते मी शिकवलंय. आज ती माझ्या खुर्चीवर.

"ये आल्विना, ये," ती म्हणाली. "तू तिकडे हीटरजवळ बस. आराम कर. यंदा तुझ्या कुंड्या डार्ला वाढवेल."

"डार्ला?" मी म्हणाले. "डार्लाच्या घरात प्लॅस्टिकची फुलंसुद्धा सुकतात."

"आई, मी इथेच उभी आहे," डार्ला म्हणाली.

"म्हणून तर तोंडावर बोलतेय. पाठीमागे बोलायची मला सवय नाही."

बायका हसल्या. मीही हसले असते, पण तेवढ्यात मला काड्या दिसल्या. प्रत्येक कुंडीत एक लाकडी काडी खोचलेली असते, तिच्यावर कुंडी कुणाला द्यायची त्याचं नाव. डार्लासमोर चार कुंड्या होत्या. एकीत गुड्रुन मोएनचं नाव. दोन कुंड्या वृद्धाश्रमातल्या दोघांच्या. आणि चौथीत माझं.

आल्विना ब्राटलंड. हेरियटच्या त्या वळणदार अक्षरात.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, निदान उलट मारता आली असती. तुम्ही म्हणाल, फूल मिळतंय, त्यात एवढं काय? पण मी त्या टेबलाशी इतकी वर्षं बसले होते. एकदा काडीवर नाव चढलेली बाई परत टेबलाशी आलेली मी पाहिली नव्हती. एकही नाही. यंदा कुंडी मिळाली, पुढच्या वर्षीही मिळाली, मग एका वर्षी काडीवर दुसऱ्याच कुणाचं नाव. देणाऱ्यांतून घेणाऱ्यांत गेलं की वाट एकाच दिशेची.

"हेरियट," मी म्हणाले, "ही काडी काढ."

"आल्विना, कंबर मोडलीय तुझी."

"कंबर मोडलीय. हात नाही मोडले."

"पुढच्या वर्षी बघू ना," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात. लहान मुलाला आइसक्रीमबद्दल सांगतात तसं.

मी हीटरजवळ बसून राहिले. जाताना डार्लाने चारही कुंड्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवल्या. मला तिने मागच्या सीटवर बसवलं.

पुढचे कितीतरी आठवडे मी डार्लाला कुंड्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती रोज सकाळी बसची फेरी संपवून माझ्याकडे यायची, स्टोव्ह बघायची, मला मोजे चढवून द्यायची. "आई, झोप लागली का?" "लागली." "आई, लापशी खाल्ली का?" "खाल्ली." "आई, तुम्ही रागावलात का?" "तुझ्यावर नाही." एवढंच आमचं बोलणं. तिनेही कुंड्यांचा विषय काढला नाही. मला वाटलं, माझं मन राखायला काढत नाही. तसं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी ऑर्विलने मला जेवायला त्यांच्याकडे नेलं. स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि आधी वास आला. माती कुजल्याचा आंबूस वास. खिडकीत हीटरच्या अगदी वर चारही कुंड्या ओळीने ठेवलेल्या. कंद गळ्यापर्यंत मातीत पुरलेले, जणू ट्युलिपच ते. प्रत्येकीखाली बशी आणि प्रत्येक बशीत पाणी तुडुंब.

"डार्ला," मी म्हणाले, "हे काय आहे?"

ती बटाटे कुस्करत होती. तिचा हात थांबला. "पाणी घालते रोज. सकाळ-संध्याकाळ."

"का?"

"त्यांना तहान लागेल म्हणून!"

"अगं, कोंब फुटेपर्यंत घोटभर पाणी पुरतं. आणि कंदाचे खांदे मातीच्या वर हवेत, तळघरात सगळ्यांनी तसेच लावले होते. वर माती कुणी घातली?"

"मीच. उघडे पडलेत, गारठतील असं वाटलं." तिचा आवाज बारीक झाला. "मला कळत होतं काहीतरी चुकतंय. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मी सांगत नव्हते का, हिच्या घरात प्लॅस्टिकची फुलंही सुकतात."

ऑर्विल मध्ये पडला. "आई, आधी जेवून घेऊ."

"तू जेव. तुला कधी कुणी अडवलंय?"

मी वॉकर खिडकीशी नेला. बोटाने एकेका कुंडीतली वरची माती उकरली. तीन कंद टणक होते, फुगून वैतागलेले, पण जिवंत. एकाच्या तर बाजूने कोंबाचं टोकही डोकावत होतं. चौथ्यात बोट घातलं तर ते आत रुतलं. पिकून फुटलेल्या टोमॅटोत रुतावं तसं. काडी बघितली. माझंच नाव.

आता खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला हसूच आलं. हा कंद कुजला तर मला कुंडी मिळणार नाही. काडीही जाईल आणि नावही जाईल. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि डार्ला रोज दोनदा पाणी घालून माझं काम करून देणार होती. जेवताना मी तेच मनात घोळवत राहिले. समोर डार्ला ताटातले वाटाणे इकडून तिकडे ढकलत होती. खिडकीतल्या वासाने घास गोड लागेना. कुजलेला कंद समोर ठेवून जेवणारी बाई मी नाही.

"वर्तमानपत्र आण," मी ताट बाजूला सारून म्हणाले. "आणि बटाटे सोलायची सुरी. आणि दालचिनी."

"दालचिनी? कशाला?"

"तुझ्या अॅपल पायवर घालायला. आण म्हटलं की आणावं!"

मी चौथी कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. कंदाचा निम्मा खालचा भाग तपकिरी लगदा झाला होता. मी सुरीने कापत गेले. मऊ भाग संपून पांढरा, करकरीत भाग लागेपर्यंत. डार्ला श्वास रोखून बघत होती. "अजून? आई, अजून? काही उरणार आहे की नाही?" मुठीएवढ्या कंदातून लिंबाएवढा उरला. कापलेल्या जागी बुरशी धरू नये म्हणून मी दालचिनीची पूड चोळली आणि त्याला कोरड्या कागदावर ठेवलं.

"हा जगेल?" तिने विचारलं.

"जगला तर जगेल. यंदा फुलणार मात्र नाही." मी काडी उचलली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि तुकडे स्टोव्हमध्ये टाकले. "आता बाकीच्या तिघींना माझ्या घरी चला म्हणावं."

"हेरियटला काय सांगायचं?"

"हेरियटला तू काही सांगू नकोस. तू टेक्ससची आहेस. तुझं बोलणं तिला तसंही कळत नाही."

डार्ला पहिल्यांदाच माझ्यावर हसली. म्हणजे माझ्या बोलण्यावर, मोठ्याने, नाकातून.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेकडे आहे. तिघींना तिथे बसवलं. वरची माती काढून खांदे मोकळे केले, बशा उचलून नेल्या. आठवडाभर पाण्याचा थेंब दाखवला नाही. डार्ला सकाळी यायची ती आधी मोजे नाही, आधी कुंड्या. मी तिला दाखवलं, पान चपटं आणि पातळ येतं, पण कळीचा कोंब जाडसर येतो, टोक भाल्यासारखं. दांडा उजेडाकडे वाकतो म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. एक दांडा फार घाईत होता. तो नाताळाच्या आधीच उमलून बसला असता. त्याला आम्ही थंड पडवीत ठेवलं. एक मागे पडला होता, त्याला स्टोव्हच्या बाजूला. "शाळेतल्या पोरांसारखंच आहे," डार्ला म्हणाली. "पुढच्याला मागे ओढा, मागच्याला पुढे." बाई मूर्ख नाही. इतके दिवस कुणी तिला शिकवलंच नव्हतं.

डिसेंबर उजाडला आणि एका दुपारी हेरियट आली. हातात क्रुमकाकेचा, नाताळातल्या पातळ गोड बिस्किटांचा, डबा. बाहेरच्या खोलीत न बसता ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, कारण आमच्याकडे सगळेच स्वयंपाकघरात शिरतात. आणि थबकली. खिडकीत तीन दांडे, सरळ, ताठ, टोकांना कळ्या फुगत आलेल्या.

"या डार्लाच्या आहेत," हेरियट म्हणाली.

"होत्या."

"आणि चौथी?"

मी सिंकजवळच्या छोट्या कपाकडे बोट दाखवलं. त्यात वाळूवर तो लिंबाएवढा कंद बसला होता, आणि कडेने नखाएवढं हिरवं पान. हेरियटने वाकून बघितलं. मग खुर्ची ओढून बसली.

"आल्विना, मी तुझं वाईट चिंतलं असं वाटतं तुला?"

"नाही. तू माझं सगळं आवरायला निघालीस असं वाटतं."

"तू शेंगांमध्ये पडली होतीस तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं," ती म्हणाली. तिचे डोळे ओले झाले, आणि मला ते आवडलं नाही, कारण माझेही होणार होते. "मला वाटलं तू गेलीसच. मला तसं परत बघायचं नाही. वाढवल्यास तू कुंड्या, छान वाढवल्यास. पण द्यायच्या कशा? दोन्ही हात वॉकरला. वृद्धाश्रमात ठीक आहे, तिथे उतार केलाय. गुड्रुनच्या दारात पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांवर बर्फ."

"डार्ला धरेल."

"मग डार्लाने दिली असं होईल. रीत रीत आहे. तूच ती आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसवलीस."

हे मात्र खरं होतं. एका वर्षी कुणीतरी भाच्याच्या हाती कुंडी पाठवली, तेव्हा मी तिला टेबलावरून उठवलं होतं.

"गुड्रुनची मी माझ्या हाताने दिली, तर ऑक्टोबरात माझी खुर्ची मला," मी म्हणाले. "आणि काडीवर माझं नाव कधी येणार ते मी सांगेन."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर नाव काडीवर नको, थडग्याच्या दगडावरच घाल."

"आल्विना!"

"कॉफी घेणार का?"

घेतली. दोन कप. क्रुमकाके जरा जाड झाले होते, पण मी बोलले नाही.

वॉकरची अडचण डार्लाने सोडवली. तिने ऑर्विलच्या गोठ्यातून वासराला दूध पाजायची बादली आणली, घासून घासून चकचकीत केली आणि वॉकरच्या पुढच्या दांडीला आकड्यांनी अडकवली. कुंडी बादलीत, भोवती जुने टॉवेल कोंबलेले. मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागले. आधी बादलीत बटाटे ठेवून, मग पाण्याची बरणी, मग कुंडी. वॉकर सरकव, पाऊल टाक. दांडा नाकासमोर डुलायचा. "आई, तुम्ही मिरवणुकीतल्या वाटता," डार्ला म्हणायची.

वृद्धाश्रमातल्या दोन कुंड्या आधी दिल्या. तिथे उतार, गुळगुळीत फरशी. ते काही सांगण्यासारखं नाही. फक्त पहिल्या कुंडीच्या वेळी डार्ला दांडा उघडाच घेऊन गाडीतून उतरायला निघाली होती. मी अशी ओरडले की रस्त्यापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. शून्याच्या खाली वीस असताना गाडीतून दारापर्यंतसुद्धा कळी उघडी नेली तर ती काळी पडते, आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं, देऊन झाल्यावर. वर्तमानपत्राचा मोठा सुळका करायचा, दांड्यावरून खालपर्यंत घालायचा, वरून टाचण्या लावायच्या. टेक्ससमध्ये असलं काही लागत नाही म्हणे. काय राज्य आहे!

गुड्रुनकडे गेलो त्या दिवशी वारा नव्हता, ऊन पडलं होतं आणि थंडी अशी की नाकातले केस टोचत होते. डार्लाने पायऱ्यांवर राख टाकली. मी वॉकर पहिल्या पायरीपाशी नेला. पुढचे पाय उचलून पायरीवर ठेवले तर मागचे अधांतरी. सगळं माझ्याच अंगावर कलायला लागलं. मी मागे आले. परत केलं. परत तेच. स्वयंपाकघरात मी सगळ्याची तालीम केली होती, पायऱ्यांची नाही. पायऱ्या कुठून आणायच्या स्वयंपाकघरात?

"आई, मी नेते ना," डार्ला हळूच म्हणाली. "कुणाला सांगणार आहे?"

"मला माहीत असेल."

"मग काय इथेच उभ्या राहणार?"

"हो."

पाय बधिर झाले होते. कळी कागदाच्या आत किती वेळ टिकेल तेही मला ठाऊक होतं. परत गाडीत बसावं हे शहाणपण होतं. मी ते करणारही होते. वॉकर वळवायला सुरुवातही केली होती. पण मान वर करून मी आधी हाक मारली. आवाज माझा कधीच मोडला नव्हता.

"गुड्रुन! ए गुड्रुन मोएन! दार उघड!"

पडदा हलला. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. तीन हिवाळे चर्चला न आलेली गुड्रुन, पांढरे केस, अंगात नवऱ्याचा जुना कोट.

"कोण बोंबलतंय?"

"आल्विना. कुंडी आणलीय तुझी."

"मग आत ये."

"येता येत नाही, म्हणून तर बोंबलतेय. तू खाली ये."

"मी? मी या पायऱ्या उतरत नाही. मला चक्कर येते."

"मला कंबर नाही. तुला चक्कर आहे. कळी गोठायला लागलीय, गुड्रुन. पटकन ठरव."

तिने कागदाच्या सुळक्याकडे बघितलं. गुड्रुनने त्या टेबलाशी माझ्या शेजारी कित्येक ऑक्टोबर काढले होते. गोठलेली कळी काय असते ते तिला सांगायला नको. ती पुटपुटली, काहीतरी नॉर्वेजियन, चर्चमध्ये न बोलण्यासारखं. मग कठडा धरून तिने पाय खाली टाकला. एक पायरी. डार्ला धावली तर गुड्रुनने तिला हाताने थांबवलं. दुसरी पायरी. तिसरीवर ती बसली, सरळ बर्फावर, कोट आवळून, आणि दोन्ही हात पुढे केले.

मी वॉकर सोडला. डार्लाने मागून माझा कोट धरला. तेवढं धरू दिलं. मी बादलीतून कुंडी उचलली आणि गुड्रुनच्या हातात दिली.

"नाताळच्या शुभेच्छा," मी म्हणाले.

"तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली.

तीन हिवाळ्यांत तिने मला दिलेलं हे सगळ्यात मोठं उत्तर. नाहीतर कुंडी घेऊन ती नुसती "बरं" म्हणायची.

मग आत जायचं होतं, कारण कॉफीशिवाय दिली असं होत नाही. गुड्रुनने कुंडी उराशी धरली आणि बसल्या बसल्याच पायरी पायरीने मागे सरकत वर गेली. तिला बघून मीही तेच केलं. वॉकर खाली सोडला आणि पार्श्वभागावर बसून एकेक पायरी चढले. डार्ला खालून माझे पाय उचलून देत होती आणि इतकी हसत होती की तिचे अश्रू गालावर गोठले. दोन म्हाताऱ्या, लहान पोरी जिन्यावर खेळतात तशा. बरं झालं, कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी काय!

स्वयंपाकघरात गुड्रुनने टाचण्या काढल्या आणि कागद उलगडला. कळी शाबूत होती, टोकाला लाल रेघ. तिने मातीत बोट घातलं, कंदाचे खांदे चाचपले.

"लावताना नीट नव्हती लावली," ती म्हणाली.

"माझी चूक," डार्ला म्हणाली.

"पण नंतर सावरली." गुड्रुन माझ्याकडे वळली. "खोक्यापाशी कोण बसतं आता?"

"यंदा हेरियट बसली."

"हेरियट! तिला मऊ कंद कळतो का?"

"चौथा निघालाच की मऊ." तो पाण्याने मऊ झाला हे मी सांगितलं नाही. डार्लाने माझ्याकडे बघितलं, मी कॉफीत साखर घातली.

गुड्रुन उठली. भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि नंबर फिरवला.

"हेरियट? गुड्रुन बोलतेय. ऑक्टोबरात माझी खुर्ची मांड. … हो, मी. … आल्विनाने. स्वतःच्या हाताने. माझ्या हातात. … चढली कशी म्हणजे? ते तुला सांगण्यासारखं नाही."

पलीकडून हेरियटचा आवाज इतका मोठा आला की टेबलापर्यंत ऐकू आला. "अगं, पण तुम्हा दोघींना आणणार कोण?"

"मी," डार्ला म्हणाली.

गुड्रुनने फोन हाताने झाकला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "ही कोण?"

"माझी सून," मी म्हणाले. "कुंड्या वाढवते."